शनिवारी रात्री पावणेदहाचा निरोप

शनिवारी रात्री पावणेदहाला फोन वाजतो. ग्रुपवर पाळकसाहेबांचा निरोप: तीन गीतांचे क्रमांक, एक वाचन, खाली ‘सलाम’. तबलजी संगमनेरला लग्नाला गेलेला. वाचन कोणी करायचं ते निरोपात नाही. मधल्या गीताची चाल मंडळीत दोघा-तिघींनाच येते आणि त्यांच्यापैकी कोणीही ग्रुपवर नाही. सकाळी साडेनऊला घंटा होते, मी सवयीने काळी तीन धरतो, आणि अंतऱ्याच्या वरच्या टोकाला मागच्या बाकांवरचे पुरुष एकेक करून गप्प होतात. पुढच्या बाकावरच्या दोन बायका गीत तारून नेतात. काळी एक पुरली असती. शुक्रवारी दहा मिनिटं गाऊन पाहिलं असतं तर ते कळलंही असतं.

तालुक्याच्या गावच्या मंडळीत सत्तावीस वर्षं पेटी वाजवताना असे रविवार इतके पाहिलेत की दोष कोणाला द्यावा तेही आता सुचत नाही. पाळकसाहेबांकडे तीन गावं आहेत, शनिवारी दुपारी त्यांना मयतीला जावं लागलेलं असतं. उपासना सुधारायची म्हटली की आपल्याकडे चर्चा होते ती नव्या गीतांची, साउंड सिस्टिमची आणि उपदेशाच्या लांबीची. मला विचाराल तर त्याच्या आधीचा प्रश्न साधा आहे: कोण कोणाला काय सांगतो, आणि कोणत्या वारी सांगतो.

पण ‘उपासना कोण रचतं’ या प्रश्नाला मराठी ख्रिस्ती जगात एकच उत्तर नाही. अँग्लिकन वळणाच्या मंडळीत ती पुस्तकाने रचलेली असते. पापांगीकार कुठे, विश्वासांगीकार कुठे, उभं कधी राहायचं, गुडघे कधी टेकायचे, सगळं छापलेलं. कॅथलिकांच्या मिस्साचंही तसंच. अमेरिकन मराठी मिशनची परंपरा वेगळी. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले, पुढे अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) हे त्या कामाचं मोठं केंद्र झालं. ही मंडळी काँग्रिगेशनल वळणाची, प्रार्थनेचं पुस्तक कोणावर लादायचं नाही या मताची. तिथे उपासना पाळकाच्या मनात असते, आणि पाळकाच्या मनात काय आहे ते बहुधा पाळकालाच माहीत असतं. तिसरा प्रकार गेल्या काही दशकांतला, स्वतंत्र आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांचा: पाऊण तास स्तुती-आराधना, कीबोर्ड, ड्रम, हातात माइक घेतलेला तरुण, मग संदेश. तिथे उपासना बँड रचतो.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा सहा परंपरा एका छपराखाली आल्या. कागदावर झालेली एकी बाकांवर उतरायला वेळ लागतो. एकाच धर्मप्रांतात एक मंडळी पुस्तकाची आणि बारा मैलांवरची दुसरी पुस्तकाविना, असं आजही आढळतं. पाळकसाहेबांची बदली एकीतून दुसरीत झाली की तीन महिन्यांत कुरबुर सुरू होते. ‘आमच्याकडे असं नसतं’ हे वाक्य मी दोन्ही बाजूंनी ऐकलंय. ही कुरबुर श्रद्धेची आहे असं दोन्ही बाजूंना वाटतं, पण बऱ्याचदा ती नुसती कोणी कोणाला आधी न विचारल्याची असते.

पुस्तक, पाळक आणि बँड या तिघांत सरावाचं सगळ्यात पक्कं वेळापत्रक कोणाचं, तर बँडवाल्यांचं. जुन्या मंडळ्यांतली माणसं त्यांच्या ढणढणाटाला नाकं मुरडतात. मीही मुरडली आहेत. पण ती पोरं शुक्रवारी संध्याकाळी न चुकता जमतात, गाण्याचा सूर ठरवतात, कोणतं कडवं दोनदा घ्यायचं ते ठरवतात. आम्ही ‘गीत सगळ्यांना येतंच’ या भरवशावर येतो. त्यांची उणीव निराळी आहे. गाण्यांना पाऊण तास मिळतो आणि शास्त्रवाचन पाच-सहा ओळींत उरकतं. दुष्काळ, कांद्याचे भाव, दहावीची परीक्षा, शेजारच्या गल्लीतलं भांडण यांना प्रार्थनेत जागाच राहत नाही.

जबाबदारी वाटून घेण्याची कल्पना बाहेरून आलेली नाही, ती शास्त्रातच आहे. निर्गमच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, एकट्याने सगळं ओढण्यावरून बोल लावतो. सासऱ्याचा सल्ला जावयाने मुकाट ऐकल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. पण उपासनेच्या दृष्टीने मला पहिल्या इतिहासाचा पंचविसावा अध्याय जास्त मोलाचा वाटतो. नावांच्या यादीमुळे तो कोणी वाचत नाही. आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या घराण्यांतले दोनशे अठ्ठ्याऐंशी गाणारे-वाजवणारे, त्यांचे बारा-बारांचे चोवीस वर्ग, आणि पाळ्या ठरल्या चिठ्ठ्या टाकून. लहान-मोठा, गुरू-शिष्य असा भेद न करता. आमच्या मंडळीत नाताळचं पहिलं गीत कोणाच्या घरातून म्हटलं जाणार यावर जे रुसवेफुगवे होतात ते पाहता, चिठ्ठी टाकणाऱ्यांना माणसांची चांगलीच पारख होती असं म्हणावं लागतं.

आणि माणसं कमी पडणं ही तक्रारही जुनीच. जर्मन संगीतकार बाख १७२३ साली लाइपझिगच्या चर्चचं संगीत सांभाळायला आला आणि सुरुवातीची काही वर्षं जवळजवळ दर रविवारी नवा कॅन्टाटा उभा करत राहिला. हे एकट्याचं काम नव्हतं. त्याची मूळ प्रत हाती आली की विद्यार्थी आणि घरची माणसं बसून एकेका वाद्याचे, एकेका आवाजाचे कागद उतरवून काढत. पुढच्या काही रविवारांचे शब्द छोट्या पुस्तिकांत आधीच छापलेले असत, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या हातात मजकूर असे. एवढं करूनही ऑगस्ट १७३० मध्ये त्याने नगरपरिषदेला लेखी गाऱ्हाणं घातलं: तो जिथे शिकवायचा त्या शाळेतल्या चौपन्न मुलांपैकी सतरा कामाची, वीस अजून तयार नाहीत, सतरा निव्वळ निकामी. हीच मुलं चार चर्चमध्ये वाटायची, त्यामुळे सेंट पीटरला उरलीसुरली जात. नावानिशी अशी यादी करायचं धाडस मी आमच्या पंचांपुढे कधी केलं नाही. आकडे मात्र ओळखीचे वाटले.

‘उपासना कोण रचतं’ या प्रश्नाचं आपल्या मातीत एक उत्तर होतं आणि ते आपण अर्धवट विसरलो. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापून झालं. ते ओवीबद्ध आहे, म्हणजे लोकांसमोर मोठ्याने वाचण्या-गाण्यासाठी घडवलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरकडच्या मंडळ्यांनी कीर्तन आपलंसं केलं. कृष्णाराव सांगळे यांचं नाव त्यात आजही घेतलं जातं. मग नारायण वामन टिळक आले. १८९५ साली बाप्तिस्मा, १९१९ साली मृत्यू. या चोवीस वर्षांत त्यांनी भजनांचं जे भांडार दिलं त्यावर आमचं गीतपुस्तक ‘उपासना संगीत’ अजून उभं आहे.

टिळकांनी मोडीत काढलेली अडचण गाणाऱ्याच्या गळ्याला कळते. इंग्रजी चालींवर बसवलेल्या जुन्या भाषांतरित गीतांत सुरावटीचा ठोका एका ठरावीक अंतराने पडतो. मराठी शब्दाचं वजन मात्र लघु-गुरूवर चालतं. मग ‘कृपा’तला ‘कृ’ लांबतो, ‘पा’ चिमटीत सापडतो, आणि ओळ ऐकणाऱ्याला शब्द उमगेपर्यंत कडवं संपतं. अभंगाच्या आणि पदाच्या चालीत हे होत नाही. गंमत अशी की आज हिंदी-इंग्रजीतून झटपट उतरवलेल्या स्तुतिगीतांत तोच दोष पुन्हा शिरला आहे, फक्त पाइप ऑर्गनच्या जागी गिटार आली. गीत निवडताना मी एकच परीक्षा घेतो: चाल सोडून ओळ नुसती बोलून पाहायची. बोलताना अडखळली तर गाताना लोक नुसतं तोंड हलवणार.

कीर्तनाकडे मात्र मी चालींपलीकडच्या कारणासाठी वळतो. कीर्तन हा मुळातच संघाचा प्रकार आहे. आख्यान कोणतं लावायचं ते कीर्तनकाराने आधी ठरवलेलं असतं. पेटीवाल्याला, तबलजीला, मागे उभ्या टाळकऱ्यांना पदांचा क्रम ठाऊक असतो. पूर्वरंगात मांडलेला विचार उत्तररंगातल्या गोष्टीत फिरून येतो. बुवांनी ऐनवेळी एखादं पद मध्येच घेतलं तरी साथीदार गोंधळत नाहीत, कारण सगळं कोणत्या दिशेने चाललंय ते त्यांना माहीत असतं. आमच्या रविवारच्या उपासनेत गीत एका विषयावर, वाचन दुसऱ्या, संदेश तिसऱ्या आणि प्रार्थना सगळ्या जगावर. कीर्तनात असं झालं तर श्रोते उठून जातील.

विषयाचा धागा धरायचा तर वाचनं आधी ठरलेली हवीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीवरचा दस्तऐवज मंजूर केला, लोकांनी उपासनेत समजून आणि पूर्णपणे भाग घ्यावा हे तिथे ठासून सांगितलं गेलं. त्यानंतर कॅथलिक चर्चने रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र आणलं: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान सणासुदीच्या काळांत वाटलेला. बऱ्याच प्रोटेस्टंट चर्चनी तेच थोडं बदलून घेतलं, त्याचं १९९२चं सुधारलेलं रूप आज जगभर चालतं. नियोजनाचं याहून स्वस्त साधन नाही. सहा महिन्यांनंतरच्या रविवारी काय वाचायचं ते आजच ठाऊक असतं, गीतं आधी निवडता येतात, शब्बाथ शाळेच्या बाईंना मुलांकडून तीच गोष्ट करून घेता येते. ‘देव मला त्या आठवड्यात वचन देतो’ असं म्हणणाऱ्या पाळकांचा मला अनादर नाही. पण अशा मंडळीत वर्षाचा हिशेब काढून पाहावा. आवडीचे दहा-पंधरा उतारे फिरून फिरून येतात आणि आमोस, हबक्कूक यांच्या वाट्याला एकही रविवार येत नाही.

मराठी कॅथलिकांच्या वसईकडे पाहिलं की संघकामाचा एक वेगळा नमुना दिसतो. परिषदेच्या आधी मिस्सा लॅटिनमध्ये चाले आणि लोक आपापली जपमाळ ओढत बसत. मराठी आली तशी वाचक, गायकवृंद, विश्वासूंच्या प्रार्थना सांगणारे अशी माणसं वेदीजवळ आली. रविवारी एकाहून जास्त मिस्सा असल्या की कामं वाटल्याशिवाय गत्यंतरच नसतं. रोमन मिस्साच्या नियमपुस्तिकेतही म्हटलंय की प्रत्येक विधीची तयारी संबंधित सगळ्यांनी एकोप्याने करावी आणि धर्मगुरूंनी मार्गदर्शन करावं. तिथल्या वाचनाचा दर्जा आमच्यापेक्षा बरा असतो, हे मी पाहुणा म्हणून दोन-तीनदा बसून ठरवलेलं मत आहे.

वाचनाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण सगळ्यात दुर्लक्षित काम तेच. पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटी मूळ भाषांवरून शास्त्राचा अनुवाद केला, तो साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत. पलीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ दिलं. म्हणजे कळेल असं वाचता यावं यासाठी माणसांनी वर्षंच्या वर्षं घातली. आणि आम्ही वाचकाला पान कधी दाखवतो, तर दुसरं गीत चालू असताना. मग बिचारा ‘नबुखद्नेस्सर’पाशी ठेचकाळतो, पोरं हसतात, आणि बंदिवासात गेलेल्या लोकांचं दुःख तिथेच संपतं. गुरुवारी उतारा मिळाला, घरी दोनदा मोठ्याने वाचला, तर एवढ्यानेच अर्धी उपासना सुधारते.

आता हे सगळं जिथे ठरायला हवं त्या बैठकीकडे येऊ. आमच्या पंचांच्या बैठकीत कब्रस्तानाच्या कुंपणावर दीड तास जातो. रविवारच्या उपासनेची विषयपत्रिकेत ओळ नसते. तीन वर्षांपूर्वी आम्ही पाच जणांनी बुधवारी जमायला सुरुवात केली. पहिले दोन महिने पाळकसाहेबांना वाटलं की हे त्यांच्यावर लक्ष ठेवायला बसतात. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही, आमच्यातले दोघं खरंच त्यासाठी आले होते. एक कागद मध्ये आला तेव्हा हळूहळू ते निवळलं. शाळेच्या वहीचा आडवा कागद. डावीकडे वेळ, मग काय होणार, कोण करणार, तो माणूस कुठे बसलेला असेल आणि त्याला काय लागेल. चौथा रकाना हास्यास्पद वाटतो. पण वाचक शेवटच्या बाकावरून उठून चपला सावरत पुढे येईपर्यंत जी शांतता पसरते ती प्रार्थनेची नसते. सूचनांना आम्ही एकदा घड्याळ लावलं: चौदा मिनिटं, वाचन आणि मध्यस्थीची प्रार्थना मिळून त्याहून कमी. आता सूचना भिंतीवर लागतात आणि तोंडी फक्त मयत, आजार, लग्न एवढंच. सेक्रेटरी अजून नाराज आहेत.

बैठक कोणत्या वेळी भरते यावरून संघात कोण असणार ते ठरतं, हे आम्हाला उशिरा कळलं. संध्याकाळी साडेसातला ठेवली तर पुरुषच येतात, कारण ती भाकरीची वेळ. गायनमंडळात बायका जास्त, शब्बाथ शाळा त्यांच्या हातात, वेदीवरची फुलं आणि प्रभुभोजनाची तयारी त्यांच्याकडे, आणि ठरवणारे आम्ही. बैठक दुपारी साडेचारला आणली तेव्हा कळलं की प्रभुभोजनाला माणसं पुढे येण्याची रांग दर महिन्याला का तुंबते. ज्या बाई पेले धुतात त्यांनी ते पहिल्याच बैठकीत सांगितलं. त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

सगळ्यात अवघड आहे ते मागे वळून पाहणं. इंग्रजी पुस्तकांत सोमवारचा आढावा, गुणांचे तक्ते, अभिप्रायाचे फॉर्म असतात, मोठ्या चर्चमध्ये तर पाळ्या लावायला सॉफ्टवेअर असतं. आमच्याकडे वाचक हे माझ्या चुलतभावाचे सासरे असतात. ‘काका, तुमचं ऐकू आलं नाही’ असं म्हटलं तर पुढचा नाताळ त्यांच्याविना जातो. मार्च २०२० मध्ये चर्चना कुलपं लागली आणि उपासना फोनवर चित्रित व्हायला लागली, तेव्हा ही अडचण थोडी सुटली. माणसांनी पहिल्यांदाच स्वतःला ऐकलं. काकाच म्हणाले, अरे मी पुटपुटतोय. मलाही कळलं की प्रार्थना सुरू झाली तरी माझी पेटी वाजतच असते. १६ नोव्हेंबर २०२० ला दारं उघडली, पुन्हा बंद झाली, ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. प्रक्षेपण बरंचसं थांबलं, पण महिन्यातून एकदा चित्रण करून पाचांनी बसून बघायचं एवढं आम्ही ठेवलंय. त्यात पहिला दोष पाळकसाहेबांनी स्वतःच्या संदेशातला सांगायचा, हा नियम त्यांनीच घातला. त्या दिवसापासून बाकीच्यांची तोंडं उघडली.

प्रोजेक्टरबद्दल उत्साह ओसरला की बोलू. पडद्यावर शब्द आले की पुस्तकं घरी राहतात, वीज गेली की मंडळी मुकी होते, आणि टाइप करणाऱ्याने ‘दीन’चा ‘दिन’ केला की पाच वर्षं तसंच गायलं जातं.

एक आक्षेप मात्र बाजूला सारता येत नाही. इतकं ठरवून केलं तर पवित्र आत्म्याला जागा कुठे, असं माझी आत्याच विचारते, आणि ती रोज पहाटे चारला उठून प्रार्थना करणारी बाई आहे. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात एकीकडे म्हटलंय की जमाल तेव्हा प्रत्येकाकडे काही ना काही असतं, कोणाकडे स्तोत्र, कोणाकडे शिकवण. त्याच अध्यायात पुढे दोघा-तिघांनी पाळीपाळीने बोलावं, सगळं रीतीने व्हावं, असंही आहे. आत्याला मी हा अध्याय दाखवला. ती म्हणाली, पाळी लावा, पण माझ्या पाळीला घड्याळ लावू नका. कागदावर आता मध्यस्थीच्या प्रार्थनेपुढे वेळेचा रकाना कोरा असतो.

शनिवारच्या निरोपातल्या त्या मधल्या गीताची चाल येणाऱ्या दोघा-तिघींपैकी एक म्हणजे आत्याच. मागच्या शुक्रवारी तिला खुर्चीवर बसवून आणली. तिने टाळ हातात घेतला, पेटी बंद ठेवायला लावली आणि चार मुलींना ओळीओळीने सांगू लागली. दुसऱ्या कडव्यात तिचा श्वास पुरेना, तेव्हा मुलींनी ओळ उचलली. एकीने फोनवर टिपून घेतलं. मी पेटीवर सूर शोधला तर ती सहज काळी एकमध्ये गात होती.